हाताखालचा उंदीर

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वॉर्डात जो येईल तो एकच प्रश्न विचारतो: गॅस सुटला का? डॉक्टर विचारतात, सिस्टर विचारतात, डबा घेऊन आलेली मावशीही विचारते. प्रश्न खासगी असला तरी संकोच कुणालाच वाटत नाही, कारण पुढचं सगळं त्यावर अडलेलं असतं. पोट उघडलं, आतड्यांना हात लागला, वर दुखू नये म्हणून अफूच्या कुळातली औषधं दिली की आतडी काही काळ निपचित पडतात. ती हलू लागली की पाणी, मग पेज, मग जेवण, मग घर.

ती निपचित असताना आत एक वेगळंच काम सुरू झालेलं असतं. खरचटलेले पृष्ठभाग एकमेकांना लागून पडून राहतात. मधे चिकट द्राव साचतो, त्याचे धागे होतात आणि थोड्याच दिवसांत आतडं आतड्याला किंवा पोटाच्या भिंतीला धरून बसतं. डॉक्टर याला 'अ‍ॅडहिजन' म्हणतात, घरचे म्हणतात 'आतडी चिकटली'. अनेकांना त्याचा जन्मभर पत्ताही लागत नाही. काहींच्या वाट्याला मात्र आतड्यातला अडथळा येतो, कायमचं पोटदुखणं येतं, काही बायकांना मूल राहत नाही. मग चिकटलेलं सोडवायला पुन्हा ऑपरेशन, आणि त्या ऑपरेशननंतर पुन्हा तेच चिकटणं.

हे हाताने रोखता येईल का, हा प्रश्न जेफ्री बोव्ह आणि सुझन शॅपेल या दोघांनी उंदरांना विचारला. बोव्ह तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्यात, न्यू इंग्लंड विद्यापीठात वेदना आणि मज्जातंतूंवर संशोधन करणारे. मुळात कायरोप्रॅक्टर, म्हणजे स्वतः हाताने उपचार करणाऱ्यांपैकी. शॅपेल तेव्हा कॅनडातल्या स्क्वामिश गावच्या परवानाधारक मसाज थेरपिस्ट. हाताने काम करणारी बाई आणि प्रयोगशाळेतला माणूस असे दोघे एका टेबलाशी बसले, हेच मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. एरवी मालिश करणाऱ्यांना प्रयोगशाळेची भाषा परकी असते, आणि प्रयोगशाळेतल्यांना हाताला काय कळतं यावर विश्वास नसतो.

त्यांचा पहिला निबंध २०१२ साली आला. तीस उंदीर, दहा-दहांचे तीन गट. सगळ्यांचं पोट उघडून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, म्हणजे अंधांत्र, आणि समोरची पोटाची भिंत मुद्दाम खरवडली, म्हणजे चिकटणं नक्की होईल. एका गटाला काहीही उपचार नाही. दुसऱ्या गटाला दुसऱ्या दिवसापासून रोज पोटावर हात: बोटांनी चाचपायचं, आतले अवयव भिंतीखाली हळूहळू सरकवायचे. तिसऱ्या गटाला फक्त सातव्या दिवशी, एकदाच, चिकटलेलं सोडवायच्या हेतूने. उंदरांना भूल दिलेली नव्हती. जागा उंदीर हातात, त्याचं पोट बोटांखाली. त्या पातळ भिंतीतून आत कुठे चिकटलंय ते बोटांना लागत होतं, असं निबंधात नोंदलं आहे. त्यानंतर उंदीर मारून पोटं उघडली आणि मोजदाद केली.

रोज हात फिरलेल्या उंदरांमध्ये चिकटलेल्या जागा कमी निघाल्या आणि ज्या होत्या त्याही सौम्य. एकदाच हात लावलेल्या गटात काही धागे तुटल्याच्या स्पष्ट खुणा दिसल्या, पण मोजदादीत हा गट रोजच्या गटाच्या जवळपासही आला नाही. पुढच्याच वर्षी दोघांनी आतड्यांच्या सुस्तीवर दुसरा निबंध लिहिला. त्यात मोजायचं होतं ते अगदी साधं: ऑपरेशननंतर उंदराने पहिली लेंडी किती वेळाने टाकली. मालिश झालेल्यांनी आधी टाकली. २०१७ साली आणखी सहकाऱ्यांसोबत केलेल्या कामातही निष्कर्षाची दिशा तीच राहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हलत्या गोष्टी चिकटत नाहीत, ऑपरेशननंतरचे पहिले दिवस आतडी हलत नाहीत, म्हणून त्या दिवसांत बाहेरून हलवा.

यासाठी उंदीर का हवा, हे नीट सांगायला हवं. मालिशची परीक्षा माणसावर घेणं फार अवघड आहे. गोळीच्या परीक्षेत निम्म्या लोकांना खोटी गोळी देता येते, आणि घेणाऱ्यालाही कळत नाही, देणाऱ्यालाही नाही. खोटी मालिश कशी करणार? हात लागला की माणसाला कळतं. करणाऱ्याला तर कळतंच. त्यात मालिशवाल्यावर श्रद्धा, त्याने आपुलकीने केलेली चौकशी, मोजलेले पैसे, 'आता बरं वाटणार' ही आशा, हे सगळं त्या हाताबरोबरच येतं. बरं वाटलं तर ते नेमकं कशाने, हे उकलत नाही. शिवाय माणसाचं पोट सातव्या दिवशी उघडून पाहता येत नाही. उंदराने मालिशची जाहिरात वाचलेली नसते. त्याच्या पोटातले धागे मोजणाऱ्याला कोणत्या उंदरावर हात फिरला आहे हे सांगितलं नाही, की मोजणी निःपक्ष होते.

स्पर्शाच्या विज्ञानातला सगळ्यात फलदायी धागा याहून जुना आहे, आणि तो तर उंदराच्या पिल्लांपासून सुरू होऊन आपल्या घरातल्या पाळण्यापर्यंत येतो. १९७८ साली ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि त्यांचे सहकारी पिल्लांच्या वाढीचा अभ्यास करत होते. पिल्लांना आईपासून दूर केलं की काही तासांत वाढीसाठी लागणारं एक एन्झाइम मेंदूत आणि हृदयात घसरायचं. पुढे सिंथिया कून यांच्यासोबत दिसलं की वाढीचं संप्रेरकही घसरतं. दूध मिळत नाही म्हणून? ऊब नाही म्हणून? मग त्यांनी आईला भूल देऊन पिल्लांजवळच ठेवलं. आई जवळ, वास तोच, पण ती हलत नाही, चाटत नाही. तरीही एन्झाइम घसरलंच. उरला तो आईच्या जिभेचा स्पर्श. तेव्हा एका ओल्या ब्रशने, आई चाटते तशा दाबाने, पिल्लांना चोळून पाहिलं आणि आकडे पूर्ववत झाले. १९८६ सालच्या प्रयोगात हेही स्पष्ट झालं की पिल्लाला नुसतं हलवून किंवा झुलवून काही होत नाही. लागतो तो अंगावरून फिरणारा, दाब असलेला स्पर्श.

याच १९८६ साली टिफनी फील्ड यांनी मायामीत शॅनबर्ग यांच्यासोबत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा निबंध प्रसिद्ध केला. चाळीस बाळं. त्यातल्या वीस जणांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश: आधी अंग चोळणं, मग हातपाय वाकवणं-सरळ करणं, पुन्हा चोळणं. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. तोवर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शक्यतो हात लावू नये, काचेच्या पेटीत शांत पडू द्यावं, असाच शिरस्ता होता. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की अगदी हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श कामाचा नाही. मध्यम दाब हवा. आईच्या जिभेचा दाब ब्रशने शोधणाऱ्यांना याचं नवल वाटलं नसणार.

आपल्याकडे बाळाला तेल लावून रगडणारी बाई हे सगळं न शिकता करत आली, असं म्हणून थांबण्याचा मोह होतो, पण मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांनी तो टाळला, याचा मला अभिमान वाटतो. २००५ साली 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स' या मासिकात दोन निबंध आले. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बाळांचे गट करून कुणाला खोबरेल तेलाने, कुणाला मिनरल तेलाने तर कुणाला नुसत्या पावडरने मालिश केली. मालिश सगळ्यांना, फरक फक्त हाताखालच्या पदार्थाचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलवाल्यांचं वजन सगळ्यात वेगाने वाढलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १२० नवजात बाळांवर पाहिलं की चोळलेलं तेल त्वचेतून आत खरंच जातं का. करडईचं तेल लावलेल्या बाळांच्या रक्तात करडईतली मेदाम्लं वाढलेली होती, खोबरेल लावलेल्यांच्या रक्तात खोबरेलातली. म्हणजे आपल्या परंपरेत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: हात आणि तेल. पिल्लांवरच्या ब्रशला तेल नव्हतं, पाणी होतं. सायनच्या प्रयोगाने तेलाचा वाटा वेगळा काढला, ड्यूकच्या प्रयोगाने स्पर्शाचा. कुठल्याही एका निबंधाने हे चित्र पूर्ण झालं नसतं.

आता मोठ्यांच्या दुखण्याकडे. दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, कीबोर्ड बडवणाऱ्या माणसांचं मनगट दुखतं, बोटांना मुंग्या येतात, पकड सुटते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात मेरी बार्ब यांनी वर्षानुवर्षं खपून असा दुखरा उंदीर घडवला. उंदराने छिद्रातून पंजा बाहेर काढायचा, दांडी ठराविक जोराने ओढायची, की खाऊची गोळी मिळते. दिवसाला दोन तास, आठवड्यातून तीन दिवस, आठवडेच्या आठवडे. उंदीर हे काम स्वखुशीने, खाण्यासाठी करतो. आणि हळूहळू त्याची पकड कमजोर होते, पंजा हुळहुळा होतो, मनगटातून जाणाऱ्या मज्जातंतूभोवती आणि स्नायूंत तंतुमय, कडक ऊतक साठू लागतं. बोव्ह इथेही आले. या उंदरांना हाताने उपचार करून घ्यायची सवय लावली: पुढच्या पायाचे स्नायू चोळणं, ताणणं, सांधे हलवणं. काम चालूच, उपचारही चालूच. २०१६ साली निकाल आला की उपचार झालेल्यांत कडकपणा कमी साठला. २०१९ साली 'पेन' या मासिकात पुढचा: मज्जातंतूंतून नको असताना उठणारे वेदनेचे संदेशही रोखले गेले होते.

या सगळ्या प्रयोगांत मला एकच सूत्र पुन्हा पुन्हा दिसतं आणि मालिश घेणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं असं वाटतं. हाताचा उपयोग दुखणं मुरायच्या आधी आहे. रोजच्या गटातला उंदीर आणि सातव्या दिवशीचा उंदीर यांच्यातला फरक तोच. ओहायोत थॉमस बेस्ट यांच्या गटाने सशांच्या पायाचे स्नायू थकवून यंत्राने मालिशसारखा दाब दिला, काहींना लगेच, काहींना ४८ तासांनी. लगेचच्या सशांचे स्नायू जास्त चांगले सावरले आणि त्यांत दाहही कमी होता. हार्वर्डमध्ये २०२१ साली उंदरांच्या जखमी पायांवर एका मऊ सिलिकॉनच्या यंत्राने चौदा दिवस दाब दिला. दाबामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्नायूतून लवकर बाहेर ढकलल्या गेल्या आणि स्नायूचे तंतू जाड, सशक्त झाले. सुरुवातीला न्यूट्रोफिल हव्याच असतात, त्या घाण साफ करतात. मुक्काम लांबला की नव्या तंतूंच्या वाढीत अडथळा करतात. 'मालिशने रक्त फिरतं' या आपल्या सरधोपट वाक्यापेक्षा हे किती नेमकं आहे!

दुखणं एकीकडे आणि हात दुसरीकडे, हा मालिशवाल्यांचा अनुभव. त्यालाही उंदराने दुजोरा दिला. आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांनी उंदराच्या घोट्यात कॅप्सेसिन टोचलं. मिरची ज्याच्यामुळे तिखट लागते, तोच पदार्थ. घोटा तर दुखतोच, पण पंजाही इतका हुळहुळा होतो की बारीक नायलॉनचा धागा टेकवला तरी उंदीर पाय झटकतो. मग घोट्याला हात न लावता गुडघ्याचा सांधा लयीत हलवला. नऊ किंवा पंधरा मिनिटं हलवल्यावर पंजाचं हुळहुळेपण उतरलं, तीन मिनिटांनी नाही. २००३ साली याच गटाने पाठीच्या कण्यातली रसायनं एकेक करून अडवून पाहिली. शरीरातली अफूसारखी द्रव्यं अडवली तरी परिणाम टिकला. सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा मार्ग अडवला की तो गेला. 'मालिशने एंडॉर्फिन सुटतात' हे वाक्य प्रत्येक स्पाच्या पत्रकावर असतं. निदान या सांध्याच्या बाबतीत तरी उत्तर वेगळं निघालं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की उंदीर म्हणजे भावनाशून्य तराजू आहे. तसं नाही. २०१४ साली मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष असेल, किंवा पुरुषाने रात्रभर घातलेला टी-शर्ट नुसता शेजारी ठेवला असेल, तरी उंदीर वेदना कमी दाखवतात, कारण त्या वासाने ते ताणात जातात आणि ताणात वेदना दबते. त्याआधी २०१० साली लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी दाखवलं होतं की शेपटीला धरून उचललेले उंदीर भेदरलेले राहतात. ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले निवांत असतात. म्हणजे उपचार न मिळालेल्या उंदरालाही तितकाच वेळ, तशाच हळुवारपणे हातात धरलं नसेल, तर तुलना मालिश आणि बिनमालिशची होत नाही, ओळखीच्या हाताची आणि अनोळखी हाताची होते. या क्षेत्रातला कुठलाही निबंध वाचताना मी आधी हे शोधते: दुसऱ्या गटाला कुणी धरलं होतं का, किती वेळ?

या शास्त्राला एक जुनी ठेचही लागलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत लुईझा बर्न्स या ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-सांधे हाताळून उपचार करणाऱ्या पंथाच्या बाईंनी सशांवर कित्येक वर्षं काम केलं. सशाच्या मणक्याला मुद्दाम इजा करायची आणि मग त्याच्या हृदयात, पोटात काय बिघडतं ते पाहायचं. चिकाटी विलक्षण होती. पण आजच्या कसोटीला लागणारा तुलनेचा गट, अनभिज्ञ मोजणारा, संख्याशास्त्र, यांतलं बरंच काही तिथे नव्हतं, आणि आपल्या पंथाचा सिद्धांत खरा ठरवायची ओढ मात्र होती. त्यामुळे एवढ्या सशांचं काम आज पुरावा म्हणून वापरता येत नाही. प्राणी वापरले म्हणून संशोधन आपोआप पक्कं होत नाही.

शिवाय उंदराचं पोट ते उंदराचं पोट. त्याची भिंत इतकी पातळ की आतला धागा बोटाला लागतो. माणसाच्या पोटावर स्नायूंचे थर, चरबी आणि ताजे टाके. उंदराची जखम आठवड्यात भरून येते. मेनमधल्या त्या निबंधावरून पुण्या-नाशिकातल्या एखाद्या मालिशवाल्याने ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटावर हात घालू नये, हे मला अगदी ठामपणे सांगायचं आहे. या कामाचा योग्य पुढचा टप्पा रुग्णालयात आहे. आपल्याकडे पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट खाटेशी येतात, खोकायला लावतात, उठवून चालवतात. त्याच भेटीत सर्जनच्या संमतीने, टाक्यांपासून दूर, काही मिनिटं पोटावर हळू हात. अर्ध्या रुग्णांना तो हात आणि अर्ध्यांना तितकाच वेळ नुसता हात ठेवून बसणं. आतडी कधी जागी झाली, घरी कधी गेले, टाके उसवले का, पुढच्या काही वर्षांत पुन्हा यावं लागलं का, एवढं नोंदवायचं. यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. पेटंट घेण्याजोगं त्यात काही नाही म्हणून पैसा घालायला कंपनी येणार नाही. हे काम सरकारी रुग्णालयांनीच करायचं आहे.

राहिली किंमत. सातव्या दिवशी त्या तीसही उंदरांना मारलं गेलं. खाऊच्या गोळीसाठी दांडी ओढणाऱ्या उंदरांचाही शेवट तसाच. हे लिहिताना हात अडखळतो आणि अडखळावा. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी सांगितलं की प्राण्यांऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, संख्या कमी ठेवा, त्रास कमी करा. आपल्या देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखालची केंद्रीय समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असावी लागते. तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. मालिशसारख्या विषयात मी यात आणखी एक अट घालीन. निकाल मनासारखा नाही आला तरी तो छापलाच पाहिजे. मालिशच्या बाजूचा निबंध आनंदाने पसरतो, विरुद्धचा कपाटात जातो. मग त्या कपाटातल्या उंदरांचा जीव फुकट जातो आणि पुढचा कुणी तोच प्रयोग पुन्हा करतो.

केंटकी विद्यापीठाच्या एस्तर ड्युपाँ-व्हर्स्टीगडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली आनंदाची बातमी दिली होती. काही दिवस मागचे पाय अधांतरी ठेवून उंदरांचे स्नायू झिजवले, मग पाय जमिनीला टेकू दिले आणि एका पायाला मालिश केली. तो पाय लवकर भरला, आणि नवल म्हणजे ज्या पायाला हातही लावला नव्हता तोही. साहजिकच पुढचा प्रश्न आला: पाय अधांतरी असतानाच मालिश केली तर झीज टळेल का? अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरच्यांचा हा प्रश्न आहे. उत्तर २०२० साली आलं. मालिशने स्नायूतली प्रथिनं बनण्याची आणि बदलण्याची गती वाढली होती. स्नायू मात्र तरीही झिजला. त्यांनी हे निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात दडवलं नाही, थेट शीर्षकात छापलं.